बाल्कनीतले पिवळे मासे

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने एक फोटो टाकला. नेरूळच्या फ्लॅटची बाल्कनी, कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी लटकवलेले आठ लाकडी मासे. पांगाऱ्याच्या लाकडातून कोरलेले. पाठ हिरवी, पोट पिवळंधमक, गळ्याशी लाल. जिताडा आणि तांब गरवायचं हे खोटं आमिष, ही मुलं त्याला ल्यूर म्हणतात. कोपऱ्यात त्याची चार वर्षांची लेक, दोन्ही हात पिवळे.

सगळ्यांचे अंगठे वर. मीच तेवढी विचारलं, "रंग कुठला रे?"

"माळ्यावर जुना डबा होता, मावशी. एकदम पक्का! आणि पोटात शिसं ओतलंय, म्हणून सरळ पोहतो."

शिसं वितळवलं कुठे? स्वयंपाकघरात, जुन्या पातेल्यात. झालं! तेव्हापासून ग्रुपवर मी खडूस म्हातारी ठरले आहे. ठरू दे.

जुन्या ऑइलपेंटमधला तो भडक पिवळा बऱ्याचदा शिशाचा असे. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत हवं हा नियम २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. माळ्यावरचा डबा त्याआधीचा. आणि कारखान्यात वापरायचे रंग त्या नियमात येतच नाहीत, तेव्हा दुकानात "पक्का द्या" म्हणताना डब्यावरचं वाचायला हवं.

"वरून पारदर्शक थर दिलाय ना!" हा पुढचा बचाव. अरे, तो मासा खडकावर आपटतो, जिताडा त्याला चावतो, टवके उडतात. मग पुन्हा रंगवायला तुम्ही कोरडा पॉलिशपेपर घासता आणि ती धूळ बाल्कनीत, धूळ हातावर, हात तोंडात. लहान मुलांच्या अंगात शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त मुरतं आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. अमुक एवढं चालेल अशी सुरक्षित मात्राच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पातेल्याचंही तेच. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या गॅसवर सहज. वर जमणारी राखाडी साय खरवडली की तिची पूड ओट्यावर, जिथे नंतर पोळ्या लाटायच्या.

आमच्या जावईबापूंनी राप्पालाचं नाव काढलं. फिनलंडच्या लॉरी राप्पालाने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरचा थर दिला. खरं आहे. पण त्याच्यापाशी दुसरं काय होतं? तुमच्याकडे पाण्यात कालवायचे अ‍ॅक्रिलिक रंग कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळतात. चांदी तर अजूनही चॉकलेटवर येतेच! वजनाला स्टीलचे छर्रे घाला. इपॉक्सीचा हात द्यायचा तर मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, पोरांना लांब ठेवून.

दुसरे एक म्हणाले, पूर्वी पागाच्या घेराला शिशाचेच मणी असत, काय झालं? काय झालं ते मोजलं कोणी? इंग्लंडात गळाची छोटी शिसं गिळून हंस मरू लागले तेव्हा त्यांनी मोजलं आणि १९८७ साली त्यांच्या विक्रीवर बंदी आणली. आपल्या खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो चोच घालून गाळून खातात. तुटलेल्या दोरीबरोबर गेलेलं शिसंही त्याच चिखलात बसतं.

बरं, एवढा पिवळा कोणासाठी? खाडीचं पाणी चहासारखं. माशाला अंगावरच्या रेषेतून पाण्यातली थरथर कळते. त्या गढूळात पोटाचा रंग बघायला कोण थांबतंय! रंग आपल्या डोळ्यांसाठी असतो. मला त्यात वावगं वाटत नाही, मासे सुरेखच झालेत.

भाच्याने डबा माळ्यावरून काढला आहे. पातेलं मात्र "दुसऱ्या कामाला ठेवू" म्हणतो. पोरीच्या रक्तातलं शिसं तपासून घे, असं मी त्याला चार वेळा सांगितलं. अजून नेलेलं नाही. आज पुन्हा फोन करणार आहे.