खिडक्या मोजक्याच बऱ्या

निपाणीहून कोल्हापूरच्या मामांना मोबाईलवरून पैसे धाडले, की दोन बँकांच्या खतावण्या उघडतात. एकीत नावे, दुसरीत जमा. दुसरीचा होकार येईपर्यंत व्यवहार अर्धाच. असे अर्धे व्यवहार वाटेतल्या संगणकांच्या खिडक्या अडवून बसतात, आणि खिडक्या असतात मोजक्या.

१२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय कोलमडले. 'व्यवहार झाला का?' ही बँकांची विचारणाच त्या दिवशी अतोनात वाढली होती. मग १ ऑगस्टपासून एनपीसीआयने बंधन घातले. एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येते. अडलेल्या व्यवहाराची चौकशी तीनदाच, तीही ९० सेकंदांच्या अंतराने. आमच्या वर्गात यावर बरीच कुरकुर झाली. (दिवसात ५१ वेळा शिल्लक पाहण्याइतके पैसे आहेत कुणाकडे?) मला बंधन योग्यच वाटते. खिडक्या वाढवल्या तरी मागची खतावणी एकच. तिच्यावर दुप्पट हात पडले तर काम आणखीच मंदावते.

मात्र वाट किती पाहायची, हे ग्राहकालाही कळले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार एकाने दुसऱ्याला पाठवलेले, पण न पोचलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावेत. नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम मराठीत वा कानडीत बँकेच्या दारावर लावलेला मला अजून दिसलेला नाही.