गोळी का लागू पडते, हे आपल्या मुलांनी शिकावे

बारावी सायन्सचा निकाल लागला की वस्तीतल्या आया आमच्याकडे येतात. "सिस्टर, पोरीला नर्सिंगला घालू का?" नर्सिंगनेच आम्हाला पायावर उभे केले, त्याला नावे ठेवणार नाही. पण आमचे आता वेगळे सांगणे आहे. जिला आवड आहे तिला शरीरक्रियाशास्त्र आणि औषधशास्त्र पदवीपर्यंत शिकू द्या.

याचा दाखला आपल्या महाडातच आहे. कोकणातला लाल विंचू चावला की दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार आणि पुढे फुप्फुसात पाणी. लेकरे दगावत. 1976 साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, हृदय तपासले. विषाने रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो, हे झाले शरीरक्रियाशास्त्र. त्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी इथे लागू पडेल, हे औषधशास्त्र. 1986 मध्ये हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. या उपचाराने विंचूदंशाचे मृत्यू खूप घटले. गोळी जुनीच होती, कोणीतरी "का?" विचारले, एवढेच नवे.

आमच्या डिप्लोमात हे विषय होते, पण कामापुरते. लिहिलेला डोस वेळेवर द्यायचा. तोच डोस का, हे विचारायची तयारी पदवीत होते.

त्यासाठी एमबीबीएसच हवे असे नाही. बी.फार्म.ची चार वर्षे आहेत. पहिल्या वर्षी शरीररचना व शरीरक्रिया, पुढे तीन सत्रे औषधशास्त्र. माणगाव तालुक्यातल्या लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. फार्मसी कॉलेजेस त्याला संलग्न आहेत. "फार्मसी म्हणजे मेडिकलच्या दुकानात बसणे" हा समज सोडा. औषध निरीक्षक व्हायला पदवीच लागते, डिप्लोमा चालत नाही. महाड, रोह्याच्या कारखान्यांत आपली मुले किती दिवस ठेकेदाराकडे पिंपे उचलणार? तपासणीच्या प्रयोगशाळेतही ती दिसली पाहिजेत.

पालकांनी एवढे करावे. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित ठेवा. सीईटीचा फॉर्म चुकवू नका. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच करा. निकालानंतर धावपळ करून हाती काही लागत नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. जास्त असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. कॉलेजला फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय दलालाच्या हातात एक रुपया देऊ नका.

आणि आजचीच गोष्ट: विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. 1927 मध्ये याच महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्यावरचा आपला हक्क बजावला. ज्ञानाच्या तळ्यावरही हक्क आपलाच आहे. काठावर उभे राहू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!