अल्पसंख्याक कोण? बाबासाहेबांची कसोटी आणि प्रा. झोया हसन यांचा अभ्यास

'अल्पसंख्याक' हा शब्द कानावर पडला की आपल्यातल्याही कित्येक तरुणांच्या डोळ्यांसमोर फक्त मुसलमान उभा राहतो. त्यांची व्होट बँक, त्यांचे लांगूलचालन, त्यांचे चोचले! वाहिन्यांनी रोज संध्याकाळी शिकवलेली ही भाषा आपणही नकळत बोलू लागलो आहोत. म्हणून सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारतो. केंद्र सरकारने २३ ऑक्टोबर १९९३ रोजी ज्या पाच समाजांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, त्यांत मुस्लीम, ख्रिश्चन, शीख आणि पारशी यांच्यासोबत बौद्धही आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत. त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत. म्हणजे अल्पसंख्याकांच्या हक्कांची चर्चा ही शेजारच्या मोहल्ल्यातली चर्चा नाही. ती आपल्या घरातली चर्चा आहे.

ही चर्चा मुळापासून समजून घ्यायची असेल तर राज्यशास्त्राच्या एका प्राध्यापिकेचे काम आंबेडकरी तरुणांनी वाचले पाहिजे. त्यांचे नाव प्रा. झोया हसन. त्यांच्याशी माझे सगळे पटते असे नाही. जिथे पटत नाही तेही पुढे सांगणार आहे. पण आपल्या चळवळीला उपयोगी पडेल असे बरेच काही त्यांच्या मांडणीत आहे.

कोण या झोया हसन?

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील राजकीय अध्ययन केंद्रात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. सामाजिक शास्त्रे विभागाच्या त्या अधिष्ठाता होत्या. २००६ ते २००९ या काळात त्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या सदस्य होत्या. त्यांचा अभ्यास सुरू झाला तो उत्तर प्रदेशातल्या खेड्यांपासून. जमीन कोणाकडे, सत्ता कोणाकडे आणि मत कोणाच्या धाकाने पडते, हा त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकाचा विषय. पुढे १९९८ मध्ये आलेल्या 'क्वेस्ट फॉर पॉवर' या ग्रंथात त्यांनी उत्तर प्रदेशातील काँग्रेसची पडझड, मागास जातींचे राजकारण, बहुजन समाज पक्षाचा उदय आणि हिंदुत्वाची मुसंडी यांचा एकत्रित वेध घेतला. ज्या कांशीराम साहेबांना आंबेडकरी विचार पुण्यात नोकरी करताना गवसला, त्यांच्या पक्षाने उत्तरेत जे उलथापालथीचे राजकारण केले त्याची ही अभ्यासू नोंद आहे.

सांगायचा मुद्दा हा की, या बाई अल्पसंख्याकांच्या प्रश्नाकडे धर्मग्रंथांच्या वाटेने आलेल्या नाहीत. त्या आल्या जमीन, जात, वर्ग आणि सत्ता यांच्या वाटेने. म्हणूनच त्यांची मांडणी मौलवींच्या मांडणीहून वेगळी आहे, आणि लांगूलचालनाची बोंब मारणाऱ्यांना अडचणीची आहे.

ओळख दिली, वाटा दिला नाही

२००९ मध्ये त्यांचे 'पॉलिटिक्स ऑफ इन्क्लुजन' हे पुस्तक आले. जाती, अल्पसंख्याक आणि विशेष संधीचे धोरण हा त्याचा विषय. त्यातला गाभा आपल्या भाषेत सांगायचा तर असा: भारतीय राज्यसंस्थेने वंचितांचे दोन कप्पे केले. एका कप्प्यात जाती टाकल्या. त्यांचे मागासलेपण मान्य केले आणि त्यावर आरक्षणाचा उपाय दिला. दुसऱ्या कप्प्यात धार्मिक अल्पसंख्याक टाकले. त्यांना आपला धर्म पाळा, आपली भाषा जपा, आपल्या शाळा चालवा, असे सांगितले. त्यांचीही उपासमार होते, त्यांनाही नोकरीत आणि घर भाड्याने देताना डावलले जाते, याचा विचार त्या कप्प्यात बसलाच नाही.

हे कप्पे आपोआप पडलेले नाहीत. ऑगस्ट १९४७ मध्ये घटना समितीने धार्मिक अल्पसंख्याकांसाठीही कायदेमंडळात राखीव जागा मान्य केल्या होत्या. फाळणी झाली, वातावरण बदलले आणि मे १९४९ मध्ये त्या काढून टाकण्यात आल्या. राखीव जागा राहिल्या त्या अनुसूचित जाती-जमातींसाठी. तेव्हापासून मुसलमानाने भाकरी मागितली तरी राज्यकर्ते त्याला उर्दू मुशायरा, हजची सोय आणि इफ्तार पार्टी दाखवत आले. ओळख दिली, वाटा दिला नाही.

लांगूलचालन खरेच झाले असते तर त्याचा पुरावा कुठेतरी दिसायला हवा होता. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेला सच्चर समितीचा अहवाल काय सांगतो? २००१ च्या जनगणनेत मुस्लीम लोकसंख्या १३.४ टक्के. आयएएसमध्ये त्यांचे प्रमाण ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के आणि परराष्ट्र सेवेत १.८ टक्के. हे लाड असतील तर असे लाड कोणत्याही समाजाच्या वाट्याला येऊ नयेत! लोकसभेचे पाहा. २०१४ मध्ये २२ मुस्लीम खासदार निवडून आले आणि ८० जागांच्या उत्तर प्रदेशातून त्या वेळी एकही नव्हता. २०२४ मध्ये हा आकडा २४ झाला. महाराष्ट्राच्या ४८ जागांतून एकही नाही.

बाबासाहेबांची कसोटी

आता कोणी म्हणेल, याचा आंबेडकरी विचाराशी काय संबंध? संबंध थेट आहे. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. अस्पृश्य हे हिंदू धर्मात मोजले जातात, मग ते अल्पसंख्याक कसे, असा तेव्हाचा आक्षेप होता. बाबासाहेबांनी तो आक्षेप मुळातच उडवून लावला. अल्पसंख्याक ठरवण्यासाठी धर्म ही कसोटी पुरेशी नाही. त्या समूहाला सामाजिक भेदभाव सोसावा लागतो का, ही खरी कसोटी आहे, असे त्यांनी मांडले. या कसोटीवर अस्पृश्य नुसते अल्पसंख्याक ठरत नाहीत, तर इतर कोणत्याही अल्पसंख्याकांपेक्षा त्यांना संरक्षणाची गरज अधिक आहे, हा त्यांचा दावा होता.

याच्याही आधी, १९३१ मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत मुस्लीम, भारतीय ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन आणि युरोपियन यांच्या प्रतिनिधींबरोबर अल्पसंख्याकांच्या करारावर बाबासाहेबांची सही होती. आपला लढा हा बहुसंख्याकांच्या मर्जीविरुद्ध हमीचा लढा आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी भारतातले बहुमत हे राजकीय नसून जमातीचे बहुमत आहे, असे बजावले. भेदभाव न करणे ही आपली जबाबदारी आहे हे त्या बहुसंख्याकांनी ओळखले पाहिजे, असेही सांगितले.

आता ही कसोटी आणि प्रा. हसन यांची मांडणी शेजारी ठेवा. धर्म कोणता, हा प्रश्न बाजूला ठेवून डावलले कोण जाते हे विचारा, असे दोघेही सांगतात. बाबासाहेबांनी ही कसोटी १९४७ मध्ये दिली. राज्यसंस्थेने ती दलितांपुरती अर्धी स्वीकारली आणि इतरांसाठी बंद करून टाकली. प्रा. हसन यांनी त्या बंद दाराकडे बोट दाखवले.

१९५० चा आदेश आणि आपला इतिहास

या बंद दाराची झळ आपल्याला बसलेली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने सांगितले की, हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली आणि या परिच्छेदामुळे त्या लाखोंच्या केंद्रीय सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने राज्यापुरत्या सवलती दिल्या. पण केंद्राच्या यादीत बौद्धांना यायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! एका अख्ख्या पिढीला धर्मांतराचा दंड भरावा लागला. शिखांचा समावेश १९५६ मध्येच झाला होता. दलित मुस्लीम आणि दलित ख्रिश्चन आजही बाहेर आहेत.

प्रा. हसन अल्पसंख्याक आयोगावर असतानाच, २००८ मध्ये, समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी आयोगासाठी दलित मुस्लीम व दलित ख्रिश्चनांच्या स्थितीवर अहवाल तयार केला. उपलब्ध माहितीच्या आधारे या समूहांना अनुसूचित जातीच्या दर्जातून वगळण्याचे समर्थन करता येत नाही, असा त्याचा रोख होता. न्या. रंगनाथ मिश्रा आयोगानेही २००७ च्या अहवालात हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. अहवाल धूळ खात पडले. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढी मिळत गेल्या.

आपल्यातले काही कार्यकर्ते इथे दोन हरकती घेतात. पहिली: इस्लाममध्ये आणि ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग सवलत कशाला? मित्रांनो, बुद्धाच्या धम्मातही जात नाही. तरी बौद्ध झालेल्या माणसाला गावाने बरोबरीने वागवले का? धर्म बदलणाऱ्याने जात सोडली तरी गाव सोडत नाही, हे आपल्याहून चांगले कोणाला माहीत? ख्रिश्चनांच्या वेगळ्या दफनभूमी आणि मुसलमानांतले अशराफ-अरजल भेद ही त्याच रोगाची लक्षणे आहेत.

दुसरी हरकत खरी आहे आणि ती टाळून चालणार नाही. केंद्रात १५ टक्के जागा आहेत. त्यात नवे वाटेकरी आले तर आपला घास कमी होईल. ही भीती खोटी नाही. पण मग मागणी काय असावी? यादी वाढवताना टक्केवारीही लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवा, ही. दार बंद ठेवा, ही मागणी आपल्या तोंडी शोभत नाही. १९९० पर्यंत आपणही त्याच दाराबाहेर उभे होतो.

मुस्लीम स्त्रीच्या नावाने

प्रा. हसन यांनी रितू मेनन यांच्याबरोबर मुस्लीम स्त्रियांच्या स्थितीचे मोठे सर्वेक्षण केले. १२ राज्यांतल्या ४० जिल्ह्यांत नऊ हजारांहून अधिक स्त्रियांशी बोलून केलेले हे काम २००४ मध्ये 'अनइक्वल सिटिझन्स' या नावाने प्रसिद्ध झाले. मुस्लीम स्त्रीच्या दुरवस्थेचे सगळे खापर धर्मावर फोडता येत नाही. गरिबी, स्त्री असणे आणि अल्पसंख्याक असणे असा तिहेरी भार तिच्यावर आहे, असे हा अभ्यास सांगतो. शाळा दूर आहे, घरात पैसा नाही, काम अंगमेहनतीचे आणि बिनभरवशाचे आहे. हे वाचताना दलित स्त्रीचे जगणे आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच वेळी त्यांनी धर्मगुरूंनाही मोकळे सोडले नाही. शाहबानो निकालानंतर १९८६ चा कायदा आला, तेव्हा सरकारने मुल्ला-मौलवींनाच अख्ख्या समाजाचा आवाज मानले, यावर त्यांनी टीकात्मक लेखन केले. महाराष्ट्रात हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लीम सत्यशोधक मंडळ काढले तेव्हा जोतीरावांचा वारसा नावातच घेतला होता. समाजाच्या आतल्या विषमतेवर बोलणे आणि समाजावरच्या अन्यायावर बोलणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाला करता येतात. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हे वेगळे सांगायला नको.

मतभेद कुठे?

मतभेद दोन. पहिला जातीचा. प्रा. हसन मुसलमानांतल्या जातींची दखल घेतात. पण त्यांच्या पिढीतल्या सेक्युलर अभ्यासकांच्या एकूण चर्चेत 'मुस्लीम' हा समूह बहुतेक वेळा अखंडच उभा राहतो. अली अन्वर यांच्यासारख्यांनी बिहारमधून पसमांदा चळवळ उभी केली, महाराष्ट्रात मुस्लीम ओबीसींनी संघटन केले, तेव्हा कुठे त्या अखंडतेला तडा गेला. महाराष्ट्रात २०१४ मध्ये मुस्लिमांतील मागास घटकांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातील आरक्षण रोखले नव्हते, तरी सरकार बदलले आणि अध्यादेश मरू दिला गेला. त्यासाठी लढायला उभे राहणारे लोक जुलाहे, बागवान, पिंजारी यांच्यातूनच येणार. ड्रॉइंग रूममधल्या सेक्युलर मंडळींतून ते येणार नाहीत.

दुसरा मतभेद सत्तेचा. सेक्युलर पक्षांनी अल्पसंख्याकांना वाऱ्यावर सोडले, ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण पक्षांच्या सदिच्छेवर बाबासाहेबांनी कधीच भिस्त ठेवली नाही. मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या सभासदांनी निवडावेत, बहुमतवाल्या पक्षाने नेमू नयेत, असे त्यांनी १९४७ च्या निवेदनात सुचवले होते. पुणे कराराने शिकवलेला धडा त्यामागे होता. दुसऱ्याच्या मतांवर निवडून आलेला आपला माणूस आपला राहत नाही.

मग करायचे काय?

२०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम एकत्र आले आणि औरंगाबादेतून इम्तियाज जलील लोकसभेत गेले. काही महिन्यांतच विधानसभेच्या जागावाटपावरून ही युती तुटली. निवडणुकीपुरती जमवलेली मोट अशीच सुटते. त्याआधी वस्तीपातळीवर सामाईक मागण्यांचे काम व्हावे लागते.

अशा मागण्या समोर आहेत. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली. अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी थांबवली गेली. या दोन्ही योजना बौद्ध विद्यार्थ्यांसाठीही होत्या. तेव्हा आपण किती मोर्चे काढले? 'तो मुसलमानांचा विषय' म्हणून गप्प बसलो आणि आपल्याच पोरांची फेलोशिप गेली.

येत्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. ती सर्व धर्मांतल्या जातींची नीट व्हावी, यासाठी आतापासून वस्त्यांत फिरले पाहिजे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात यादीतली जात लिहायची, हे आपल्या माणसांना समजावताना शेजारच्या मोहल्ल्यातल्या पिंजाऱ्यालाही त्याची जात लिहायला सांगा. १९५० च्या आदेशातला तिसरा परिच्छेद रद्द करा आणि टक्केवारी वाढवा, या दोन मागण्या एकाच निवेदनात, एकाच सहीने गेल्या पाहिजेत.

डावलला जातो तो अल्पसंख्याक, ही कसोटी बाबासाहेबांची आहे. ती फक्त आपल्यापुरती वापरली तर आपण तिचे वारसदार ठरणार नाही.

जयभीम!