झाडापाण्याचा अभ्यास फक्त सायन्सवाल्यांचा?

माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या महिन्यात घरी आली होती. मराठी घेऊन बी.ए. झालेली. पुढे तिला पर्यावरणीय मानव्यविद्या शिकायची आहे. म्हणजे इतिहास, भाषा, साहित्य आणि धर्म यांच्या अंगाने पर्यावरणाचा अभ्यास. सोबत तिचे अब्बा होते. ते म्हणाले, "सर, झाडापाण्याचा अभ्यास सायन्सवाल्यांचा. आर्ट्सच्या पोरीनं त्यात काय करायचं?"

नोकरीची त्यांची काळजी खोटी नाही. पण ही समजूत मला अजिबात मान्य नाही. ती एकट्या त्यांची नाही, आपल्या विद्यापीठांचीही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशानंतर पुढे पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला. हाती काय आले? प्रदूषणाचे प्रकार, ओझोनचा थर आणि एकमेकांची पाहून उतरवलेली प्रकल्प-वही!

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गात विचारतो, खरीप म्हणजे काय? मुले सांगतात, पावसाळ्यात पेरतात ते पीक. अरबीत मात्र 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत. म्हणजे ही नावे पेरणीवरून नव्हे, कापणीच्या हंगामावरून पडली. असे का? शेतसारा वसूल करणाऱ्याची नजर त्यामागे असेल का? हा प्रश्न माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत सुटणार नाही. त्याला फारसी आणि मोडी दफ्तरे वाचणारा माणूस लागेल. जमीन, हवा, मोसम, जिरायत, बागायत हे शब्दही अरबी-फारसीतूनच आले आणि शेतकऱ्याच्या तोंडी बसले. त्यांचा धर्म कोणी विचारला नाही.

औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, नहर-ए-अंबरी घ्या. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी, मलिक अंबर, निजामशाहीचा वजीर झाला. सतराव्या शतकात त्याने डोंगराकडचे पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. त्याच शहराने अलीकडे नळाला आठवडाभर पाणी न येण्याचे दिवस पाहिले. ही व्यवस्था कोण सांभाळत होते, ती विस्मरणात कशी गेली, हे एकट्या इंजिनिअरला सांगता येणार नाही.

आता आपल्या लोकांसाठी दोन शब्द. पर्यावरणाच्या चर्चेत मुसलमान आठवतो तो बकरी ईदच्या आठवड्यात, तोही आरोपी म्हणून. आपण चिडतो, फॉरवर्डला फॉरवर्डने उत्तर देतो आणि पुढच्या ईदपर्यंत गप्प बसतो. नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नका, ही शिकवण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि मशिदीतला नळ वाहता ठेवून घरी येतो. इराणी विचारवंत सय्यद हुसेन नस्र यांनी १९६६ सालीच शिकागोत व्याख्याने देऊन निसर्गाच्या संकटाचे मूळ माणसाच्या आध्यात्मिक दृष्टीत शोधले होते. आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे?

म्युनिकच्या विद्यापीठात या विषयाचे रेचेल कार्सन सेंटर २००९पासून चालू आहे. आपल्याकडे उर्दू, मराठी, इतिहास आणि भूगोल हे विभाग एकाच आवारात असतात. त्यांनी मिळून एक अभ्यासक्रम चालवायला काय हरकत आहे?

तिच्या अब्बांना मी एवढेच म्हणालो, "भाई, आपल्याबद्दल इतर लोक लिहितात अशी तक्रार करायची आणि लिहू शकणाऱ्या लेकीला घरी बसवायचे, या दोन्ही गोष्टी एकत्र चालणार नाहीत." ते काही बोलले नाहीत. जाताना मात्र फॉर्मची शेवटची तारीख विचारून गेले.