जिप्समआधी जमीन ओळखा

कृष्णा-पंचगंगेच्या काठी, शिरोळ-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात रान पांढरे पडू लागले की पहिला सल्ला मिळतो तो जिप्सम टाकण्याचा. हा सल्ला सरसकट देणे थांबले पाहिजे, कारण सगळ्या बिघडलेल्या जमिनींचे दुखणे एक नसते. क्षारपड जमिनीत विद्राव्य क्षार साठतात. पाण्यात विरघळताच त्यांचे विद्युतभारित आयन मोकळे होतात. मुळांभोवती त्यांची दाटी झाली की रानात ओल असूनही उसाला पाणी ओढता येत नाही. चोपण जमिनीत सोडियमचे आयन चिकणमातीच्या कणांना धरून बसतात, कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि सामू 8.5 च्या वर जातो. अशा मातीचे वाळलेले ढेकूळ पावसाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यात अलगद सोडावे. थोड्याच वेळात त्याच्याभोवती गढूळ वलय पसरते आणि पाणी तासन्‌तास निवळत नाही. जिप्समचे खरे काम इथे आहे: त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम सल्फेटसह पाण्यावाटे निघून जाते. निव्वळ क्षारपड जमिनीत मातीला चिकटलेले सोडियम मुळात कमी असते. तिथे जिप्समचा खर्च वाया जातो.

मग भरपूर पाणी देऊन क्षार धुऊन काढावेत, असे कोणी म्हणेल. पण निचरा नसेल तर तेच पाणी भूजल वर आणते आणि उन्हाळ्यात बाष्पीभवन होऊन क्षार पुन्हा माथ्यावर येतात. शिवाय क्षार आणि सोडियम दोन्ही असलेली जमीन नुसत्या गोड्या पाण्याने धुतली, तर क्षार जातात, सोडियम उरते आणि जमीन चोपण होते. म्हणून आधी परीक्षण, मग निचरा आणि गरज असेल तिथेच जिप्सम, हा क्रम मोडू नये. परीक्षणात सामू आणि विद्युत वाहकतेबरोबर विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले, सोडियमही मोजून घ्यावे. ते 15 टक्क्यांच्या वर असेल तर जिप्समला अर्थ आहे.

निचऱ्यासाठी जमिनीखाली घालायच्या सच्छिद्र पाइपांचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही, हा आक्षेप खराच आहे. शिवाय त्याच्या रानातले पाणी शेजाऱ्याच्या बांधावरूनच ओढ्याला जाणार. म्हणूनच निचरा हे एकट्या शेतकऱ्याचे नव्हे, साऱ्या शिवाराचे काम आहे. साखर कारखाने, ग्रामपंचायती आणि शासनाने ते एकत्र उचलावे आणि अनुदानाचा पहिला रुपया गोणीआधी चरीला द्यावा. पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल, तर सुटलेले सोडियमही त्याच रानात राहणार.