गळका स्लॅब आणि चकचकीत ओटा

‘भाड्याच्या घराला चुना मारला की पुरे,’ हे हैदराबादच्या काचीगुड्यातल्या जुन्या घरमालकांचे ठरलेले उत्तर. कारभार मुलाच्या हाती गेला की दुसरे टोक: मॉड्युलर किचन बसवा, फॉल्स सीलिंग करा, भाडे आपोआप चढेल. आकडेमोड दोघांनीही केलेली दिसत नाही.

जुन्या पक्षाचा युक्तिवाद मुंबईच्या चाळींतून आलेला आहे आणि तिथे तो खराही होता. 1947 च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले आणि 1969 मध्ये सरकारला उपकर लावून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरवली. 1999 च्या कायद्याने मग वर्षाला 4 टक्के वाढ दिली.

पण काचीगुडा म्हणजे गिरगाव नव्हे. हैदराबादचा भाडेनियंत्रण कायदा 1960 चा. 2005 च्या दुरुस्तीनंतर शहरात महिना 3,500 रुपयांवरच्या भाड्याला तो लागू नाही. त्या रकमेत इथे आज घराचा धड पोर्शन मिळत नाही. म्हणजे भाडे करारावर ठरते आणि ‘कायद्याने हात बांधलेत’ ही सबब टिकत नाही.

आता मुलाचा हिशेब. समजा भाडे 15,000. दीड लाखाच्या किचनमुळे ते हजाराने वाढले, तर पैसे वसूल व्हायला साडेबारा वर्षे. तोवर सिंकखालचा प्लायवूड फुगून दार बिजागरीतून लोंबू लागलेले असते! उलट 50,000 खर्चून गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले तर भाडे एका रुपयानेही वाढत नाही. जाहिरातीच्या फोटोत ते दिसतही नाही. मात्र ऑगस्टात पलंगामागच्या भिंतीला पोपडे धरले, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास आला, की चांगला भाडेकरू घर सोडतो. दोन महिने घर रिकामे, 30,000 गेले; रंगकाम-सफाईचे 20,000. एका गळतीत खर्च फिटला. जमिनीखालची पाण्याची टाकी आणि मोटर, जुनी वायरिंग, संडासाची पाइपलाइन यांनाही हाच हिशेब लागू. काचीगुडा स्टेशनाजवळ राहणारे रेल्वे कर्मचारी आणि विद्यार्थी आधी नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतात, ओट्याचा ग्रॅनाइट नंतर बघतात.

‘खर्च करातून वजा होतो’ हा उरलेला मुद्दाही लंगडा. घरपट्टी वजा जाता भाड्यावर 30 टक्के वजावट सरसकट मिळते. दमडी खर्च करा वा लाख, तेवढीच. दुरुस्तीसाठी कर्ज काढले तर व्याजाची वजावट वेगळी, एवढाच फरक. घर विकताना भांडवली नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा करता येतो खरा. किचन ‘सुधारणे’त मोडते हे अधिकाऱ्याला पटले, तरी साडेबारा टक्के दराने दीड लाखावर वाचणारा कर 18,750 रुपये. त्यासाठीही तेव्हाच्या पावत्या जपून ठेवलेल्या हव्यात.