पहाटे चारचा फोन



पहाटे चार वाजता घरातला फोन वाजला, तर पोटात गोळा येतो की नाही? मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे असाच फोन वाजला. सगळं पडघा गाढ झोपलेलं. फक्त नाशिक महामार्गावरच्या ट्रकांची घरघर चालू. मी धडपडत उठलो. फोन होता लंडनहून, माझ्या पुतण्याचा.

"काका, घाबरू नका. सगळं ठीक आहे. आम्ही दोघं आत्ताच बॅले बघून बाहेर पडलोय."

तिकडे रात्रीचे साडेदहा झाले होते. हिवाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं, हे पठ्ठ्या आनंदाच्या भरात विसरला होता!

नोकरीसाठी तो आणि आमची सूनबाई दोन वर्षांपूर्वी तिकडे गेले. त्या रात्री लग्नाचा वाढदिवस म्हणून दोघांनी रॉयल ऑपेरा हाऊसची तिकिटं काढली. खूप जुनं नाट्यगृह आहे ते. आताची इमारत १८५८ सालची, आणि त्याच जागेवरची ती तिसरी. यांची तिकिटं स्वस्तातली, म्हणजे अगदी वरच्या सज्जातली. सूनबाईला काळजी, की तिथलं फाडफाड इंग्रजी आपल्याला कळेल का? पण पडदा वर गेला आणि शेवटपर्यंत कोणी एक शब्दही बोललं नाही! बॅलेत गोष्ट सांगतात ती नाचातून आणि संगीतातून. त्या दिवशी होता 'स्वान लेक'. जादूगाराने हंस करून टाकलेल्या राजकन्येची गोष्ट. संगीत चायकोव्हस्की यांचं. रशियात मॉस्को शहरात १८७७ साली तो पहिल्यांदा झाला.

तुम्ही म्हणाल, त्या मुली चवड्याच्या टोकावर उभ्या राहतात कशा? बुटात लाकूड असतं का? छे! कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन बुटाचं टोक कडक केलेलं असतं. बाकी सगळं काम पायाचं आणि कित्येक वर्षांच्या सरावाचं. मोठ्या नर्तकीचा एक जोड कधीकधी एकाच प्रयोगात मऊ पडतो.

आणि त्या गिरक्या! या बॅलेत नर्तकी एका पायावर ओळीने बत्तीस गिरक्या घेते. फुगडीच्या आठव्या-दहाव्या फेऱ्यालाच आपल्याला गरगरतं. मग तिला का नाही? गंमत अशी, की ती समोरच्या एका ठिकाणी नजर रोखते. अंग फिरतं, मान शक्य तितकी मागे राहते, आणि मग झटकन फिरून डोळे पुन्हा त्याच ठिकाणी येतात. अंगणात करून बघा. पण जवळ खांब नको आणि हाताशी कोणी मोठं माणूस हवं!

हे सगळं पुतण्या भरभर सांगत होता. मग एकदम थांबला. म्हणाला, "काका, राजपुत्राने अशी उडी मारली ना, की तो क्षणभर हवेतच राहिला. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. मला आठवीचं गॅदरिंग आठवलं."

मी गप्प झालो. कारण ते मलाही आठवलं.

सांगतो. हा मुलगा लहानपणी सुरेख नाचायचा. ढोलकी वाजली की याचे पाय जमिनीवर ठरत नसत. आठवीच्या गॅदरिंगला नाचला, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गातली मुलं त्याला चिडवू लागली. तो रडत घरी आला. तेव्हा मी काय म्हणालो असेन? "पोरींसारखं नाचतोस कशाला? कबड्डी खेळ!" आणि वर हसलो. त्यानंतर तो कधी नाचला नाही.

आता माझं अज्ञान बघा. बॅलेची पहिली अकादमी १६६१ साली काढली ती फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने. तो स्वतः बॅले नाचायचा! पॅरिसच्या रंगमंचावर पेशाने नाचणाऱ्या बायका आल्या त्या १६८१ साली. तोवर तिथे बायकांची कामंही पुरुषच करायचे. आणि इतक्या लांब कशाला जायचं? आमच्याकडे गौरी-गणपतीत ढोलकीवर फेर धरून रात्र जागवतात ते बाप्येच की! त्यांना मी कधी हसलो नव्हतो.

आणखी ऐका. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेला एक तरुण १९२० साली चित्रकला शिकायला लंडनला गेला. तिथे त्याला ॲना पाव्हलोव्हा ही जगप्रसिद्ध बॅले नर्तकी भेटली. १९२३ साली याच ऑपेरा हाऊसमध्ये तो तिच्याबरोबर कृष्ण होऊन नाचला. ते उदय शंकर. नवी मुंबईचा अमिरुद्दीन शाह तर वेल्डिंगचं काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा. त्याला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. ही शाळा ऑपेरा हाऊसच्या शेजारच्याच गल्लीत आहे. शाळेतून थेट नाट्यगृहात जायला गल्लीवरून एक पूल केलाय, पीळ घातलेल्या कापडासारखा. पुतण्या आणि सूनबाई त्याच पुलाखाली उभे राहून माझ्याशी बोलत होते.

मी म्हटलं, "बाळा, तेव्हा माझं चुकलं रे."

तो जरा वेळ बोललाच नाही. मग सूनबाईचा आवाज आला, "काका, हे रस्त्यातच नाचायला लागलेत. लोक बघतायत!"

"बघू देत," मी म्हटलं. "तूही नाच."

तर दोस्तांनो, आता तुमच्या शाळेत गॅदरिंगची तालीम सुरू होईल. एखादा मुलगा मन लावून नाचेल. मागच्या बाकावरून कोणी हसेलही. तेव्हा पहिली टाळी तुम्ही वाजवा. आणि आई-बाबांनो, तो घरी आला की दोन शब्द जपून बोला. वीस-वीस वर्षं लक्षात राहतात ते.

तुमचाच,
काका